कणकेचे हात आणि बोलणारी यादी: टुडुइस्ट, मेक आणि अझूरची आरोही

कोथरूडला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचला परात मांडली की अकरापर्यंत तिथे कुणाचेच हात फोनला लावण्यासारखे नसतात, आणि ऑर्डरी मात्र सगळ्या फोनमध्ये. फळ्यावर खडूने लिहिलं तर वाफेने पुसट होतं, कागद चिकटवला तर तासाभरात तेलकट होतो. म्हणून टुडुइस्ट या कामांच्या याद्या ठेवणाऱ्या अॅपमधली यादी मराठीत बोलून दाखवेल अशी साखळी मी जुळवली. गेल्या गणपतींपासून ती रोज चालू आहे आणि आता तिच्याशिवाय सकाळ सुरू करायची आमची कुणाचीच तयारी नाही. शिवणकाम, गॅरेज, गोठा, असं हात गुंतवणारं काम ज्यांचं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा तपशिलात लिहिते.

टुडुइस्ट 2007 पासून आहे. मी ते घेतलं ते त्याच्या एपीआयसाठी, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला आत यायला ठेवलेल्या दारासाठी. सेटिंग्जमध्ये इंटिग्रेशन्स, त्यात डेव्हलपर, तिथून एक टोकन (त्या दाराची किल्ली असलेली अक्षरांची माळ) उचललं की बाहेरचा प्रोग्राम तुमची कामं वाचू शकतो आणि ‘झालं’ अशी खूणही करू शकतो. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची, कारण नुसती वाचून दाखवणारी यादी अर्ध्या तासात शिळी होते. फुकटच्या खात्यात पाच प्रोजेक्ट मिळतात, मला दोनच लागतात: ‘स्वयंपाक’ आणि ‘पोचवणं’. एक उणीव आधीच सांगून ठेवते. लिहिलेल्या तारखा समजून घेण्याची त्याची जी सोय आहे, तिला मराठी येत नाही. ‘उद्या सकाळी सात’ लिहिलं तर ते कामाच्या नावातच पडून राहतं. वेळ इंग्रजीत टाका नाहीतर कॅलेंडरवरून निवडा. माझ्या जाऊबाई रात्री ऑर्डरी भरतात, त्या कॅलेंडरवरूनच निवडतात.

साखळीचे दोन भाग आहेत. पहिला पहाटेचा. मेक नावाच्या, वेगवेगळी अॅप्स एकमेकांना जोडणाऱ्या सेवेत (पूर्वी हिचं नाव इंटिग्रोमॅट होतं) एक सिनॅरिओ, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या ठोकळ्यांची मालिका, रोज पावणेपाचला सुटतो. तो टुडुइस्टमधून आजची कामं घेतो, त्यांचा एक सलग मजकूर करतो, तो मायक्रोसॉफ्ट अझूरच्या स्पीच सेवेला (ती मजकुराचा आवाज करून देते) पाठवतो आणि परत आलेली एमपी-3 फाइल टेलिग्रामच्या बॉटमार्फत आमच्या गटात टाकतो. पोळ्या लाटणाऱ्या मावशी बसमध्येच ऐकत येतात, त्यामुळे दारातून आत येतानाच त्यांना आज भाकऱ्या जास्त की फुलके हे माहीत असतं. डबे पोचवणारा मुलगा ‘पोचवणं’ची फाइल गाडी काढण्याआधी ऐकून घेतो.

मेक फुकट वापरायचं तर महिन्याला 1000 क्रेडिट्स मिळतात (ठोकळा एकदा चालला की साधारण एक जातं), आणि इथे टेक्स्ट अॅग्रिगेटर हा ठोकळा विसरून चालत नाही. तो नसेल तर पुढचा प्रत्येक ठोकळा प्रत्येक कामासाठी वेगळा चालतो. पंचवीस ऑर्डरी असतील तर पंचवीस वेळा आवाज तयार होणार, पंचवीस फाइली गटात येऊन पडणार, आणि महिन्याचा कोटा महिना संपायच्या बराच आधी संपणार. अॅग्रिगेटर आधी सगळ्याची एक मोळी बांधतो, मग पुढचं सगळं एकदाच होतं.

अझूर का? त्यात मराठीचे दोन न्यूरल (माणसासारखे वाटणारे) आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. आम्ही आरोही ठेवली. एक्झॉस्ट फॅन आणि मिक्सरच्या घरघरीत तिचा वरच्या पट्टीचा आवाज जास्त कळतो. गुगल क्लाउडचे मराठी आवाजही ऐकायला चांगले आहेत. पण तिथे एका विनंतीत 5000 बाइट्सची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्स खातं. म्हणजे साधारण सोळाशे-साडेसोळाशे चिन्हांत यादी बसवावी लागते, सणाच्या दिवशी ती तुकड्यांत पाठवावी लागते. शिवाय गुगलकडून आवाज बेस-64 मजकूर म्हणून येतो, तो उलगडायचा एक टप्पा वाढतो. अझूर सरळ ऑडिओच हातात देतं. त्यांच्या फुकट स्तरात महिन्याला 5 लाख अक्षरं मिळतात. आमची रोजची यादी दीड हजार अक्षरांची, म्हणजे महिन्याला 45 हजार. दहावा हिस्साही लागत नाही. खातं उघडताना मात्र कार्डाची माहिती द्यावी लागते. सर्व्हरचा विभाग निवडताना सेंट्रल इंडिया घ्या. तो पुण्यातच आहे.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते. साखळी जोडणं एका दुपारचं काम आहे. खरं काम आहे यादी लिहिण्याची पद्धत बदलण्याचं. डोळ्यांसाठी लिहिलेली यादी कानाला चालत नाही. जाऊबाई पूर्वी असं लिहायच्या:

2.5 कि. कणीक, 60 घ.पो., बि.का.ल. भाजी, 11 वा.

वाचताना यात काहीच अडत नाही. पण यंत्र ‘अडीच’ म्हणणार नाही, ते दशांश वाचणार. ‘घ.पो.’चं काय करायचं हे त्याला माहीत नाही. आणि ‘बिनकांदा-लसूण’ ही सगळ्यात जोखमीची सूचना मधेच कुठेतरी निसटून जाते. आता तेच काम असं लिहिलं जातं:

भाजीत कांदा-लसूण नाही. कणीक अडीच किलो. घडीच्या पोळ्या साठ. अकरा वाजता.

नकार आधी, पदार्थ मग, संख्या अक्षरी, वेळ शेवटी. प्रत्येक तुकड्यानंतर पूर्णविराम, कारण पूर्णविरामाला आवाज थांबतो. एसएसएमएल (आवाजाला विराम, वेग सांगणाऱ्या खुणा) वापरून दोन ऑर्डरींच्या मध्ये पाऊण सेकंदाचा विराम घातला आहे आणि बोलण्याचा वेग पंधरा टक्क्यांनी कमी केला आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आकडे कुकरच्या शिट्टीत हमखास गोंधळ करतात, म्हणून एकोण-वाले आकडे आम्ही यादीत ठेवतच नाही, पुढच्या पूर्ण दशकावर नेतो. एखादी पोळी जास्त झाली तर ती घरात खपते. या सवयी बसायला वेळ लागला, पण बसल्यावर ऑर्डर पुन्हा विचारायला माझ्याकडे येणं जवळजवळ बंद झालं.

दुसरा भाग ओट्यावरचा, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त किंमत याचीच आहे. फ्रिजवर एक जुना अँड्रॉइड फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडून ठेवला आहे. त्यावर मॅक्रोड्रॉइड, म्हणजे ‘हे झालं की ते कर’ असे मॅक्रो फोनला नेमून देणारं अॅप. सेल्फीसाठी मिळतं ते छोटं ब्लूटूथ बटण ओट्याच्या कडेला दुहेरी टेपने लावलं आहे. ते दाबलं की फोनला आवाज वाढवण्याची कळ दाबल्यासारखं वाटतं, आणि मॅक्रो चालतो: हातातलं काम टुडुइस्टमध्ये पूर्ण झालं अशी नोंद करायची, पुढचं काम मागवायचं, ते बोलून दाखवायचं. बटण मनगटाने दाबता येतं, बोटं लागत नाहीत. पुन्हा ऐकायचं असेल तर फोनची आवाज कमी करण्याची कळ कोपराने दाबायची. एका वेळी एकच काम कानावर येतं. पंचवीस ऑर्डरी सलग ऐकून मनात ठेवणं कुणाला जमणार? पहाटेची फाइल अंदाज यावा म्हणून, आणि हे बटण प्रत्यक्ष कामासाठी.

इथे आवाज फोनचाच आहे, गुगलच्या स्पीच सेवेचा, मराठी आवाज आधी उतरवून ठेवलेला. आरोहीइतका गोड नाही. पण नेट गेलं तरी बोलतो, आणि शेवटी मागवलेली यादी मॅक्रो स्वतःजवळ साठवत असल्यामुळे काम अडत नाही. खुणा नेट आल्यावर कराव्या लागतात, इतकंच. मॅक्रोड्रॉइड फुकटात पाच मॅक्रो देतं. आम्हाला तीन लागतात, तरी जाहिराती नकोत म्हणून मी पैसे भरले.

त्रास झाला तो फोनचा. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली तो मॅक्रोड्रॉइडला अधूनमधून झोपवत असे, आणि ऐन नऊच्या गर्दीत बटण दाबून काहीच होत नसे. सेटिंग्जमध्ये त्या अॅपला बॅटरीच्या बंधनातून वगळलं, चार्जर कायम लावला, स्क्रीन चालू राहील असं केलं, तेव्हा थांबलं. हे पहिल्याच दिवशी करून टाका.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगते. गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, पत्ते या साखळीत घालू नका. आमच्या कामांमध्ये ‘बँकेचा डबा’, ‘तिसरा मजला’, ‘आजींचं पथ्य’ अशीच नावं असतात. मजकूर तीन-चार कंपन्यांच्या सर्व्हरवरून जातो, आणि कुणाला साखर आहे, कुणाचं ऑपरेशन झालंय हे आपल्याला विश्वासाने सांगितलेलं असतं. टोकनही पासवर्डसारखंच जपायचं. ते ज्याच्या हाती लागेल त्याला तुमचं अख्खं टुडुइस्ट उघडं.

शिवणकामवाल्या मैत्रिणीला मी फक्त दुसरा भाग करून दिला आहे, मेक आणि अझूर तिला लागतच नाहीत. एकटीने काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. माणसं तीन-चार असतील आणि वेगवेगळ्या वाटांनी येत असतील तरच पहाटेच्या फाइलीचा खटाटोप करा.

एक गोष्ट मात्र अजून हातानेच करावी लागते. दर सोमवारी, दर महिन्याच्या पाच तारखेला, असं काम टुडुइस्ट आपोआप पुन्हा लावतं. संकष्टी आणि एकादशी त्याला कळत नाहीत. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दुप्पट लागते आणि पोळ्या निम्म्यावर येतात. म्हणून नव्या वर्षाची दिनदर्शिका घरात आली की जाऊबाई आणि मी बसून वर्षभराच्या तिथ्या एकेक करून भरतो, आणि प्रत्येकीच्या आदल्या संध्याकाळी ‘साबुदाणा भिजवा’ हे काम वेगळं लावतो.