लिनक्सच्या कर्नलमध्ये फुकट असलेला ड्रायव्हर मी ४,१३० रुपयांना विकत घेतला

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या नादात एकूण १६,८८० रुपये गेले. घरी परवापर्यंत मी फक्त कार्डाचे ६,८५० सांगितले होते. बाकीचे सांगायची हिंमत झाली नव्हती.

लातूरजवळ आमचा वजनकाटा आहे. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात आणि परतीच्या पावसात शेजारच्या शेतात वीज पडली. वजन दाखवणारा इंडिकेटर वाचला, पण त्याची केबल कॉम्प्युटरला जिथे लागते तो मदरबोर्डवरचा कॉम (सिरियल) पोर्ट गेला. इंडिकेटरवर वजन दिसतंय आणि कॉम्प्युटरवर काहीच नाही. हाताने पावत्या लिहायला लागलो तर ट्रॅक्टरवाला खिडकीत येऊन विचारतो, "मालक, पावती देताव का जाऊ दुसऱ्या काट्यावर?" त्या चार दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे आधीच सांगतो. ज्यांनी हंगामात काटा चालवलाय त्यांना कळेल.

ओळखीच्या एका काटेवाल्याने व्हॉट्सअॅपवर एक नंबर पाठवला. समोरचा माणूस हिंदीतून गोड बोलायचा, दर वाक्याला 'सर'. कॉम्प्युटरच्या आत बसणारं दोन पोर्टचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड, त्यावर ऑक्सफर्ड कंपनीची अस्सल १६सी९५० सिरियल चिप, लिनक्सला चालणारं, असं सांगून ६,८५० रुपये आगाऊ घेतले. कार्ड तीन दिवसांत आलं. त्यामुळे विश्वास बसला. नुसतं पैसे घेऊन पळणाऱ्यापेक्षा वस्तू पाठवणारा भामटा जास्त घातक, कारण पुढचे पैसे आपण आपल्या हाताने देतो.

कार्ड बसवलं, उबुंटू (आमचं लिनक्स) चालू केलं, वजनाचं सॉफ्टवेअर उघडलं. एरर नाही आणि वजनही नाही. मी डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, काढून पाहिलं आणि पडद्याचा फोटो काढून त्यालाच पाठवला.

तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय: टीटीवाय-एस-४, आयआरक्यू १६, इज अ १६५५०ए. पहिलं पोर्टचं नाव, दुसरा प्रोसेसरला हाक मारायच्या लाइनचा नंबर, तिसरी चिपची जात. म्हणजे कर्नलने कार्ड ओळखलं होतं, ड्रायव्हर लागला होता, पोर्ट तयार होता. सॉफ्टवेअर मात्र जुन्या टीटीवाय-एस-० वरच कान लावून बसलं होतं. जळाला होता तो पोर्टचा बाहेरचा भाग, आतली चिप जिवंत, म्हणून पोर्ट उघडायचा आणि एरर यायची नाही. शून्य ते तीन हे नंबर मदरबोर्डवरच्या जुन्या पोर्टांसाठी धरलेले असतात, वरून लावलेलं कार्ड बहुतेक वेळा चारपासून सुरू होतं. मला हे माहीत होतं! सात वर्षांपूर्वी हे सगळं मीच बसवलंय. आणि त्याच ओळीत दुसरी चोरीही उघडी पडली होती. खरी ९५० चिप असती तर कर्नलने १६सी९५० लिहिलं असतं, १६५५०ए नाही. ९५० चा बफर, म्हणजे आलेली अक्षरं साठवायची जागा, १२८ बाइटचा, ५५० चा १६ बाइटचा. सगळा पुरावा एका ओळीत होता आणि तो मी चोरालाच वाचायला दिला.

त्याने उत्तर दिलं, "सर, हाच फॉल्ट आहे. ० यायला पाहिजे, ४ आला. लिनक्स ड्रायव्हरचं लायसन टाकावं लागेल." ३,५०० अधिक जीएसटी ६३०. बिल मागितलं तर मेलवर येईल म्हणाला. मी ४,१३० पाठवले. ८२५० नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्याला कुणाचं लायसन लागत नाही. कुणी या चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर विकत असेल तर तिथेच फोन ठेवा.

दुसऱ्या दिवशी त्याने आयआरक्यूची भीती घातली. म्हणे मदरबोर्डवर आयआरक्यू अडकलाय, मोकळा करायचे ५,०००, वर जीएसटी ९००. हे मला पटलं, कारण जुन्या कार्डांत कॉम १ आणि कॉम ३ दोघं आयआरक्यू ४ वरच यायचे आणि खरंच भांडायचे. पीसीआयमध्ये एक आयआरक्यू अनेकांत वाटून चालतो. पण ते आठवायला डोकं शांत लागतं. ५,९०० गेले आणि नंबर बंद.

मग जे दोन मिनिटांत करायला हवं होतं ते केलं. कार्डाच्या डीबी-९ (नऊ पिनांच्या) सॉकेटच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेने जोडल्या, म्हणजे पाठवलेलं तिथेच परत येतं, मिनीकॉम हा पोर्ट तपासायचा प्रोग्रॅम टीटीवाय-एस-४ वर उघडला, टाइप केलेलं अक्षर परत आलं. पोर्ट ठणठणीत. सॉफ्टवेअरमध्ये शून्याचा चार केला, पोर्ट वापरायची परवानगी मिळावी म्हणून युजर डायलआउट ग्रुपमध्ये घातला आणि ९६०० च्या वेगावर वजन आलं. पैसे देण्याआधी पिना जोडा. चिपवर अॅसिटोनचा बोळा फिरवला तर ९५० हे छापील अक्षर पुसून आलं. कार्डांची यादी दाखवणाऱ्या एलएसपीसीआय कमांडला डॅश एनएन लावलं तर ऑक्सफर्ड कंपनीचा १४१५ नंबर कुठेच नाही.

ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कशी?" ड्रायव्हरचं सांगितलं तर विचारतात, ड्रायव्हर कोणत्या गाडीचा. अर्जात सिरियल कार्डचं सिम कार्ड केलं, ते खोडायला मला अर्धा तास भांडावं लागलं. तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं, सायबरने सांगितलं हा व्यवहारातला वाद आहे, ठाण्यातच जा. बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकला." मग एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आठव्या दिवशी मेसेज आला, तक्रार निकाली. कुणी निकाली काढली, काय निकाल लागला, एक फोनसुद्धा नाही. पाच दिवस काटा नोकरावर सोडून फिरलो. माझ्याकडे तीन यूपीआय पावत्या आहेत, चॅट आहे, चिप आहे, फोटो आहे. पण ते वाचायला कुणीच तयार नाही. चोराने निदान फोटो नीट वाचला होता.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करायचा, तो मी केला नाही. लाजेत तीन दिवस घालवले. बिल नसेल तर दुसरा हप्ता देऊच नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो, मुदत दोन वर्षांची. माझा अर्ज तयार आहे, सोमवारी टाकतोय. ज्याने मला तो नंबर दिला त्यालाही ९,२०० ला गंडवलंय, हे त्याने मला काल सांगितलं. आधी बोलला असता तर माझे वाचले असते. त्याच्या अर्जासोबत माझा अर्ज जाईल. याच प्रकारचं कार्ड आणि लायसन आणखी कुणी घेतलं असेल तर चॅट पुसू नका.