खाण्याची नोंदवही की सावकाश जेवण?

ताण आला की हात आपोआप खाऊच्या डब्याकडे जातो; यावर नोंदवही ठेवावी की प्रत्येक घास लक्षपूर्वक खावा, अशा पेचात एक मैत्रीण आहे. खर्च दोन्हींत जवळपास शून्य; खरा फरक कष्टांचा आहे. नोंदवहीत वेळ, १ ते १० पैकी भूक किती आणि त्या क्षणीची मनःस्थिती लिहावी लागते, आणि आठवडाभरात त्याचा कंटाळा येतो. पण ‘रात्री ११, भूक २, साहेबांचा ईमेल’ अशी ओळ तिसऱ्यांदा लिहिताना लालसेचे मूळ जसे उघडे पडते, तसे एरवी पडत नाही. कारण खरी भूक हळूहळू वाढते आणि साध्या जेवणानेही भागते, तर ताणातली भूक बहुधा अचानक उसळून नेमका एकच पदार्थ मागते.

सावकाश खाण्याला वही लागत नाही, मात्र फोन दूर ठेवावा लागतो, जे माझ्या मते अधिक अवघड. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटे लागतात, म्हणून अतिखाणे यानेच अधिक आवरते. परंतु ताणाच्या ऐन भरात ही शिस्त सर्वांत आधी सुटते.

आपण का खातो हेच ज्यांना उमगत नाही, त्यांनी दोन-तीन आठवडे वही ठेवावी. कारण ठाऊक असूनही भरभर खाणाऱ्यांना सावकाश जेवण उपयोगी पडेल. नोंदींमुळे अपराधीपणा वाढत असेल, तर वही मिटून आहारतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकांशी बोलावे.