'लीव्ह फॉर गुड'चा धडा एकदम मस्त, पण मराठी भाषांतर सुधारा

इंग्रजी वाक्प्रचार शिकवणारं हे ॲप मी दोन महिने वापरतेय, पण लिहितेय एकाच धड्याबद्दल. झालं असं की टीममधल्या एका मुलीचा मेसेज आला, 'आय ॲम लीव्हिंग फॉर गुड', मला वाटलं काहीतरी चांगल्या कामासाठी सुट्टीवर चाललीये, मी लगेच लिहिलं मजा कर आणि लवकर ये. ती कायमची सोडून चालली होती हो! तिला धड निरोपही दिला नाही याचं अजून वाईट वाटतं.

धड्यात पहिल्याच स्क्रीनवर स्पष्ट सांगितलंय की इथे गुडचा चांगल्या-वाईटाशी संबंध नाही, अर्थ एवढाच की कायमचं. 'फॉर गुड अँड ऑल' हा याचाच लांबडा आणि जुना प्रकार. पुढची उदाहरणं तर फारच छान, म्हणजे माणूसच जायला पाहिजे असं काही नाही, दुकान बंद होतं तेही फॉर गुड, सिगारेट सुटते तीही फॉर गुड, आणि कोणी परत आलं आणि आता कुठे जाणार नाही तर 'ही इज बॅक फॉर गुड', हे मला खरंच माहीत नव्हतं. फॉरएव्हरमधला फरकही पटला, 'आय विल लव्ह यू फॉरएव्हर' म्हणतात पण तिथे फॉर गुड कानाला खटकतं, कारण ते येतं जिथे काहीतरी संपतं किंवा बदलतं तिथे. मध्ये 'द' घुसला की अर्थच वेगळा, 'फॉर द गुड ऑफ' म्हणजे कोणाच्या तरी भल्यासाठी. ऑडिओ नक्की ऐका, बोलताना फॉर इतकं पुसट होतं की नुसतं 'फगुड' ऐकू येतं.

आता तक्रार. 'शी लेफ्ट हिम फॉर गुड'च्या खाली मराठीत चक्क 'तिने त्याला चांगल्यासाठी सोडले' लिहिलंय, म्हणजे वर शिकवलेलं सगळं पाण्यात! आणि 'ही इज गॉन फॉर गुड'ला 'तो कायमचा गेला', अर्थ चुकीचा नाही पण मराठी माणसाच्या काळजात धस्स होतं, माणूस वारलाच असं वाटतं. 'तो आता परत यायचा नाही' लिहा ना सरळ, नोकरीबद्दल असेल तर 'रामराम ठोकला' आहेच की.

चार स्टार, एक भाषांतरासाठी कापला.