छोट्या रीफ टँकमध्ये ड्वार्फ एंजल: फ्लेम, कोरल ब्यूटी की चेरब?

रीफ टँकसाठी, म्हणजे कोरल्स असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, ड्वार्फ एंजल हा लहान जातीचा एंजलमासा निवडताना बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. माझं सांगणं असं, की आधी आपल्या टाकीतली कोरल्स बघा. सेंट्रोपायजी वंशातले हे मासे दिवसभर खडकावरचं शेवाळ आणि त्यात अडकलेले कण टिपत फिरतात. टिपता टिपता कधी कोरललाही तोंड लावतात. ट्रॅकीफायलियासारखी मांसल कोरल्स, झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे, कोरलचे नातेवाईक जीव) आणि ट्रायडॅक्ना शिंपले यांना सगळ्यात जास्त धोका. लेदर कोरल्स, म्हणजे चामड्यासारखी मऊ कोरल्स, बहुधा सुटतात. त्यातही प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा: एखादा वर्षभर गुणी राहतो आणि मग अचानक झोअँथिड कुरतडू लागतो. म्हणून टाकीत जीव की प्राण असलेला शिंपला असेल, तर तिघांपैकी एकही घेऊ नका.

फ्लेम दिसायला सर्वांत देखणा. लालभडक अंग, काळे उभे पट्टे, पंखांच्या मागच्या कडांना निळा-जांभळा रंग. तिघांत सहसा महागही तोच. कोरल ब्यूटीची जांभळी-केशरी झळाळी जरा शांत असते, पण नव्या टाकीत रुळायला आणि खायला लागायला तो मला जास्त भरवशाचा वाटतो. दोघेही साधारण 10 सेंटीमीटरपर्यंत वाढतात आणि सतत हिंडतात, त्यामुळे त्यांना 250 लिटरच्या आसपास पाणी हवं. 'छोटी टाकी' म्हणजे तुमच्याकडे याहून बरीच लहान असेल, तर हे दोघे बाजूला ठेवा.

उरतो चेरब. गडद निळा, तोंडाकडे पिवळसर, फार तर 8 सेंटीमीटरचा, पश्चिम अटलांटिक आणि कॅरिबियनमधला. दीडशे-दोनशे लिटरमध्ये, कपारींनी भरलेले खडक असतील तर तो बसतो. मात्र आकारावर जाऊ नका. हा भलताच भांडखोर असतो आणि नंतर आलेल्या लहान, बुजऱ्या माशांना जगू देत नाही. त्याला सगळ्यांच्या शेवटी सोडा. छोट्या टाकीत तिघांपैकी कुठलाही एकच ठेवायचा.

टाकी किती जुनी आहे, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. नुकत्याच उभारलेल्या टाकीत खडक बोडके असतात, चरायला काही नसतं, आणि भुकेला एंजल कोरलकडे लवकर वळतो. खडकांवर शेवाळ चांगलं धरेपर्यंत, निदान सहा महिने, थांबा. नंतरही नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), स्पिरुलिनाचं खाद्य आणि मायसिस कोळंबी आलटून पालटून, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्या.

पकडणं हीसुद्धा डोकेदुखीच. खडकांतून हा मासा जाळ्यात येत नाही, आणि आलाच तर गालावरचा काटा जाळीत अडकून त्याला इजा होते. सापळा किंवा पारदर्शक डबा वापरा. कुरतडणारा एंजल बाहेर काढायला खडकांची अख्खी रचना उपसावी लागू शकते, हे घेण्याआधीच मनाशी धरा.

100 लिटरच्या आसपासची टाकी असेल तर मी रॉयल ग्रामा घेईन. तो जांभळा-पिवळा, 8 सेंटीमीटरचा, पाण्यात तरंगणारं खाद्य टिपणारा आणि कोरलला न छेडणारा. 250 लिटर आणि मुख्यतः लेदर कोरल्स असतील तर कोरल ब्यूटी. फ्लेमसाठी मन अडून बसलं असेल, तर झोअँथिड दुसऱ्या टाकीत हलवून मगच त्याला आणा.