बर्फवादळाचा अंदाज सावद्याहून वाचताना : अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे संकेतस्थळ

रावेर-यावल पट्ट्यातील कितीतरी घरांतली मुले आता बॉस्टन, न्यू जर्सी किंवा कनेक्टिकटला असतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तिकडच्या किनाऱ्यावर बर्फवादळ येणार अशी बातमी झळकली की इकडून फोन सुरू होतात. वाहिन्यांवर ‘महावादळ’ आणि ‘बर्फाचा कहर’ एवढेच कळते. आपल्या माणसाच्या गावी किती वाजता, किती आणि काय पडणार, बर्फ की पाऊस, हे मात्र कळत नाही. ते सांगणारी जागा म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे ‘वेदर डॉट गव्ह’ हे सरकारी संकेतस्थळ. माझी पुतणी बॉस्टनच्या दक्षिणेला क्विन्सी येथे, समुद्राच्या जवळ राहते. तिच्या निमित्ताने गेले काही हिवाळे मी हे संकेतस्थळ नियमित वाचत आहे, आणि केळी पिकवणारा माणूस हवामानाच्या अंदाजाकडून जी अपेक्षा ठेवतो, तीच कसोटी येथे लावली आहे.

या सेवेची सुरुवात १८७० साली लष्कराच्या संदेश विभागात झाली. आज तिची १२२ स्थानिक अंदाज कार्यालये आहेत आणि बॉस्टनचा अंदाज मॅसॅच्युसेट्समधील नॉर्टन येथील कार्यालयातून निघतो. संकेतस्थळावर जाहिरात नाही, वर्गणी नाही, खाते उघडावे लागत नाही. गावाचे नाव टाकले की सात दिवसांचा अंदाज समोर येतो, आणि तो जिल्ह्याचा सरासरी अंदाज नसून सुमारे अडीच किलोमीटरच्या चौकोनाचा असतो. समुद्रकिनाऱ्यावर हा बारकावा फार महत्त्वाचा ठरतो.

याचे कारण त्या वादळांच्या घडणीत आहे. किनाऱ्यालगत ईशान्येकडून वारे आणणारी ही वादळे, ज्यांना तिकडे ‘नॉरईस्टर’ म्हणतात, जमिनीवरची गोठलेली हवा आणि समुद्रावरची तुलनेने उबदार, ओलसर हवा यांच्या सीमेवर पोसली जातात. चोवीस तासांत केंद्रातील हवेचा दाब २४ मिलिबार (दाबाचे माप) किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्या झपाट्याने बळावलेल्या वादळाला ‘बॉम्ब’ म्हणण्याची रीत आहे. वादळाचे केंद्र किनाऱ्याला फार चिकटून गेले तर समुद्राची ऊब आत शिरते आणि किनाऱ्यावर बर्फाऐवजी पाऊस पडतो. फार दूरून गेले तर दोन्ही टळतात. म्हणून तिथले अंदाजकर्ते ४० अंश उत्तर अक्षांश आणि ७० अंश पश्चिम रेखांश या समुद्रातील बिंदूकडे डोळे लावून असतात, कारण केंद्र त्याच्या आसपासून गेले की आग्नेय न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टनच्या परिसरात, जोरदार बर्फ होण्याचा संभव सर्वाधिक असतो. मार्ग थोडासा सरकला तरी आतल्या भागातील वूस्टरला गुडघाभर बर्फ आणि समुद्रात शिरलेल्या केप कॉडला नुसता चिखल, असे घडते.

हे सर्व मला कोणत्याही चित्रातून नव्हे, तर संकेतस्थळावरील ‘एरिया फोरकास्ट डिस्कशन’ या मजकुरातून समजले, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल तिथेच आहे. दिवसातून किमान दोनदा प्रत्येक कार्यालयातील अंदाजकर्ता स्वतःचा विचार सलग गद्यात लिहितो: कोणते संगणकीय प्रारूप काय दाखवते, दोन प्रारूपांत मतभेद कुठे आहे, आपण कोणाच्या बाजूने झुकलो आणि का. विश्वास कमी असेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असते. त्याच्या जोडीला बर्फाच्या नकाशांवर तीन आकडे असतात. एक अपेक्षित, एक खालच्या टोकाचा आणि एक वरच्या टोकाचा, ज्याच्या पुढे जाण्याची शक्यता दहात एक समजावी. ‘आठ इंच पडेल’ एवढेच ऐकणारा माणूस आणि ‘तीन ते चौदाच्या मध्ये, बहुधा आठ’ असे वाचणारा माणूस, यांची तयारी सारखी होऊच शकत नाही.

इशाऱ्यांची उतरंड समजून घेतली पाहिजे. ‘वॉच’ म्हणजे धोक्याची शक्यता दिसू लागली आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो बहुतेक निश्चित आहे किंवा सुरू झाला आहे. ‘ब्लिझर्ड’च्या (हिमवादळाच्या) इशाऱ्याचा किती बर्फ पडला याच्याशी थेट संबंध नाही, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा, उडत्या बर्फामुळे ४०० मीटरच्या आत आलेली दृश्यता, आणि ही स्थिती किमान तीन तास, अशी त्याची अट आहे. किनाऱ्यावर आणखी एक वेगळा इशारा पाहावा लागतो, तो समुद्राच्या पुराचा. ४ जानेवारी २०१८ च्या वादळात बॉस्टनच्या बंदरात भरतीचे पाणी १५.१६ फुटांपर्यंत चढले आणि फेब्रुवारी १९७८ च्या प्रसिद्ध हिमवादळाचा विक्रम मोडला. गोठणबिंदूच्या आसपासचे खारे पाणी रस्त्यांवर आले. त्यामुळे पुतणीच्या बाबतीत मी बर्फाच्या इंचांआधी भरतीची वेळ पाहतो.

वादळ पुढे सरकल्यावर त्याच्या पाठीमागून वायव्येचे वारे ध्रुवीय हवा ओढून आणतात, आणि त्या कडाक्याचे वर्णन हे संकेतस्थळ चांगले करते. हवेचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस आणि वारा ताशी २४ किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २८ सारखे जाणवते आणि साधारण अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचे, म्हणजे ‘विंड चिल’चे, हे कोष्टक २००१ पासून वापरात आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ‘विंड चिल वॉर्निंग’चे नाव ‘एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग’ झाले, म्हणजे वारा नसतानाच्या जीवघेण्या थंडीसाठीही तोच इशारा लागू होतो. हा बदल मला योग्य वाटतो. ‘विंड चिल’चा आकडा माणसाच्या आणि जनावराच्या अंगासाठी आहे. नळातील पाणी किंवा गाडीचे इंजिन हवेच्या तापमानापेक्षा थंड होत नाही. आपल्या केळीच्या बागेला तर तो आकडा उपयोगाचाच नाही, कारण तापीकाठी केळीला थंडीचा चरका बसतो तो बहुधा निरभ्र, वारा पडलेल्या रात्री, जेव्हा जमीन आणि पाने आपली ऊब आकाशात सोडून देतात.

उणिवा सांगायला हव्यात. तापमान फॅरनहाइटमध्ये, बर्फ इंचांत आणि वारा मैलांत असल्यामुळे सावद्यातील वाचकाला प्रत्येक ओळीला गणित करावे लागते. चर्चेचा मजकूर संक्षिप्त रूपांनी आणि तांत्रिक शब्दांनी भरलेला असतो. चांगले इंग्रजी येणाराही सुरुवातीला गोंधळेल. काही वेळा स्थानिक, काही वेळा जागतिक प्रमाण वेळ दिलेली असते. मांडणी जुनाट आहे. याहून गंभीर बाब अशी की २०२५ च्या सुरुवातीला मनुष्यबळ घटल्यामुळे न्यूयॉर्क राज्यातील अल्बनी आणि मेनमधील ग्रे येथील वातावरण मोजणाऱ्या फुग्यांची उड्डाणे कमी करण्यात आली. ईशान्य किनाऱ्याच्या वादळांसाठी नेमकी हीच ठिकाणे मोलाची आहेत.

आपल्या बाजूशी तुलना करताना अन्याय होऊ नये. भारतीय हवामान विभाग १८७५ पासून काम करतो, २०१९ मध्ये आलेले ‘मेघदूत’ ॲप मराठीत कृषी सल्ला देते, आणि मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक उतरले की थंडीची लाट, हा निकष साधा व स्पष्ट आहे. मात्र नंदुरबारपासून सोलापूरपर्यंतचा प्रदेश ‘मध्य महाराष्ट्र’ या एकाच उपविभागात बसवला जातो, आणि हिवाळ्यात धुळ्याचा पारा आणि सोलापूरचा पारा यांचे नाते नावापुरतेच असते. केळीच्या फळपीक विम्यासाठी किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याहून कमी अशी अट असताना ‘थंडी वाढण्याची शक्यता’ या वाक्याने रात्री पाणी सोडावे की नाही, बांधावर धूर करावा की नाही, हे ठरत नाही. (बामणोदच्या वांग्यांचे भरीत रंगावे इतपत थंडी सर्वांना हवीच असते, प्रश्न त्याच्या खालच्या दोन-तीन अंशांचा आहे.) आकडा चुकला तरी चालेल, पण तो कशावरून काढला आणि किती खात्रीने काढला, हे मराठीत चार ओळींत लिहून मिळावे, अशी माझी मागणी या परदेशी संकेतस्थळाने पक्की केली.

ज्यांची माणसे त्या किनाऱ्यावर आहेत त्यांनी हे संकेतस्थळ अवश्य वापरावे. ज्यांना केवळ फिरायला जायचे आहे त्यांना फोनमधील नेहमीचा अंदाज पुरेल. गावाचे पान आधीच जतन करून ठेवावे. हिवाळ्यात बॉस्टन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तिकडे पहाटे चारच्या सुमारास लिहिलेली चर्चा आपल्याला दुपारी अडीचच्या सुमारास वाचता येते, आणि मुले उठून कामाला निघण्याआधी त्यांना निरोप धाडायला पुरेसा वेळ उरतो.