गुहागर, गणपतीपुळे की मालवण? सांगली-मिरजेहून निघणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी लागली की सांगली-मिरजेच्या घरांमध्ये समुद्राची तीन नावं निघतात: गुहागर, गणपतीपुळे आणि मालवण. नकाशा उघडला तर गोंधळ वाढतो, कारण तिन्ही ठिकाणं सांगलीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपासच येतात. गणपतीपुळे किंचित अलीकडे, गुहागर किंचित पलीकडे, एवढंच. त्यामुळे जवळ कुठलं, हे विचारून निर्णय होत नाही. दोनच गोष्टी विचारा: मध्ये घाट कुठला लागतो आणि तिकडे मुक्काम किती रात्रींचा. किनारा कुणाचा सुंदर, हा वाद त्यानंतर घालता येतो.

रेल्वेचा विचार आधीच सोडून द्या. मिरजेसारखं जंक्शन दारात असूनही या तिन्ही गावांच्या बाजूला थेट उतरणारी गाडी आपल्याला नाही. गोव्याला जायला मिरजेतून गाडी मिळते, ती लोंढ्यावरून. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग झाला तर चित्र बदलेल, पण तो वर्षानुवर्षं कागदावरच आहे. म्हणजे राहिली स्वतःची गाडी, भाड्याची गाडी, नाहीतर एसटी. एसटीनेच जायचं असेल तर रत्नागिरी, म्हणजे गणपतीपुळ्याची बाजू, सगळ्यात सोयीची. मालवणला बहुतेकदा कोल्हापुरात गाडी बदलावी लागते आणि गुहागरला कराड-चिपळूण करत जावं लागतं. लहान मुलं आणि तीन बॅगा घेऊन ती कसरत नको.

आधी घाट

गणपतीपुळ्याची वाट आंबा घाटातून जाते. सांगली, कोल्हापूर, मलकापूर, आंबा, मग खाली साखरपा आणि हातखंबा. हा रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग. त्याच्या रुंदीकरणाच्या कामांमुळे मध्ये मध्ये वळवलेले रस्ते लागतात, तरीही तिन्ही वाटांमध्ये नवख्या चालकाला मी हीच सुचवेन. फक्त एक पथ्य पाळा. वाटेवर पन्हाळा आणि जोतिबा दिसतात म्हणून "जाता जाता तेही उरकू" असं कुणीतरी गाडीत म्हणतंच. त्याला तिथेच गप्प करा. पन्हाळ्यावर चढलात की पहिला दिवस संपला, आणि आंबा घाट अंधारात उतरायची वेळ येते.

मालवणला उतरायला पर्याय जास्त. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट. आंबोलीही आहे, पण ती वेंगुर्ले-सावंतवाडीकडे जाणाऱ्यांना जास्त सोयीची. करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी बराच काळ बंद होता, आणि पावसाळ्यात दरडी कोसळून तो अधूनमधून बंद पडतोच, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी. मला स्वतःला फोंडा आवडतो. राधानगरीच्या पुढे जंगल सुरू होतं, सावली असते, वाहनं कमी असतात. संध्याकाळनंतर मात्र तिथे रस्त्यावर गवा उभा असू शकतो, म्हणून हा घाट दिवसाउजेडीच उतरावा. खाली कणकवलीला पोचलात की महामार्ग चौपदरी आहे. कसालला वळलं की शेवटचा टप्पा पुन्हा अरुंद.

गुहागरसाठी पेठ नाक्यावरून कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. कोयनेपर्यंतचा प्रवास सुखाचा आहे. कोयनानगरला नेहरू उद्यानात पाय मोकळे करता येतात. पण कुंभार्ली उतरून चिपळूण आलं की लोकांना वाटतं पोचलो, आणि तिथेच फसगत होते. चिपळूण ते गुहागर अजून पंचेचाळीस किलोमीटर आहे, तोही चढउताराचा आणि वळणांचा. गाडी लागणारी माणसं घाटात टिकतात आणि या शेवटच्या तासात कोलमडतात. आवळासुपारी संपवून टाकू नका, मागे ठेवा.

गणपतीपुळे: आजी-आजोबांना घेऊन जात असाल तर

इथे देव आणि समुद्र एकमेकांना खेटून आहेत. पश्चिमाभिमुख देऊळ, मागे डोंगर, पुढे लगेच वाळू. डोंगर हाच देव मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराभोवती घालायची. ती साधारण एक किलोमीटरची असून वाट बांधलेली आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी पायऱ्यांचा अंदाज घेऊनच निघावं. सांगलीकरांना इथे आणखी एक धागा सापडतो: आपलं गणपती मंदिर बांधणारे सांगलीचे संस्थानिक पटवर्धन मूळचे याच भागातले. त्यांचे मूळ पुरुष हरभट जवळच्या कोतवड्याचे.

पण गणपतीपुळे म्हणजे फक्त गणपतीपुळे असं धरून गेलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी काय करायचं हा प्रश्न पडेल. या ठिकाणाची खरी ताकद आजूबाजूला आहे. दोन किलोमीटरवर मालगुंड, कवी केशवसुतांचं जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक. रत्नागिरीकडे किनाऱ्याने जाणारा आरे-वारेचा रस्ता तर चुकवूच नका. डोंगराच्या वळणावर गाडी येते आणि खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात. माझ्या मते सगळ्या सहलीत पैसे न लागणारी सर्वात सुंदर गोष्ट ती.

रत्नागिरी शहराला पूर्ण दिवस द्या. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर, भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं आणि १९३१ साली सर्वांसाठी खुलं झालेलं पतितपावन मंदिर, भगवतीचं देऊळ असलेला रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला, घरी परत गेलाच नाही. मुलांना ही गोष्ट वाटेत सांगून ठेवा, म्हणजे राजवाड्यात "यात काय बघायचं" असं ऐकावं लागणार नाही. मुलं तरीही कंटाळली तर मत्स्यालय आहे. तिथला देवमाशाचा सांगाडा त्यांना राजापेक्षा जास्त आवडेल, हे गृहीत धरा.

अंगारकीला आणि नाताळच्या आठवड्यात मात्र इकडे फिरकू नका. पार्किंगपासूनच रांग सुरू होते.

गुहागर: काही न करण्यासाठी

गुहागरबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे जाऊन थोडक्यातच राहायचं असतं. लांबच लांब, सपाट किनारा, मागे सुरूची झाडं, आणि किनाऱ्याला समांतर वसलेलं गाव. वरचा पाट, खालचा पाट अशा वस्तीतून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. अशा वाडीतल्या घरगुती मुक्कामाच्या मागच्या दाराने पाच मिनिटांत वाळूवर येता येतं. गावात व्याडेश्वर आणि दुर्गादेवी. अंजनवेलला दीपगृह आणि गोपाळगड. दक्षिणेला वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीला दशभुजा गणेशाचं देऊळ आहे आणि जवळच बामणघळ. भरतीच्या वेळी खडकाच्या अरुंद फटीत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. बघायचं लांबूनच. तिथला खडक शेवाळी आहे आणि फोटोच्या नादात पुढे जाणाऱ्यांसाठी ती जागा वाईट आहे.

घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतील तर मात्र गुहागर टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी "आता काय?" सुरू होईल आणि तुमची सुट्टी त्याचं उत्तर शोधण्यात जाईल. वाचणारा, झोपणारा, चालणारा माणूस असेल तर त्याला याहून चांगलं ठिकाण मी सांगू शकत नाही.

मालवण: तीन रात्री असतील तरच

दोन रात्रींसाठी मालवणला जाणारे निम्मा वेळ गाडीत आणि उरलेला रांगेत घालवतात. शुक्रवारी रात्री पोचायचं, शनिवारी किल्ला, स्कूबा, बोट, खरेदी, आणि रविवारी सकाळी परत फिरायचं, याला सहल म्हणायचं की हजेरी, ते तुम्ही ठरवा. तीन रात्री मिळत असतील तर मात्र तिन्हींत मालवण वरचढ. कारण इथे पाण्याकडे नुसतं बघायचं नसतं, पाण्यावर आणि पाण्याखाली जायचं असतं.

सिंधुदुर्ग पहिला. १६६४ मध्ये शिवरायांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, तीन वर्षांत तो उभा राहिला. जवळजवळ अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला. मालवणच्या जेटीवरून होडीने जायचं. महादरवाजा तटाच्या वळणात असा दडवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे, आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. काही कुटुंबं आजही आत राहतात. होडीवाले परतीची वेळ बांधून देतात, ती बहुतेकदा अपुरी पडते. तटावरून पूर्ण फेरी मारायची असेल तर आधीच बोलून घ्या, आणि सकाळी लवकर जा, तटावर सावली नाही.

तारकर्ली-देवबाग हा दुसरा दिवस. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. देवबागच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. तिथून बोटीने संगम, पुढे वाळूचं बेट, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. वॉटर स्पोर्ट्सची गर्दी तिथेच. गर्दी नको असेल तर संध्याकाळची खाडीतली शांत फेरी घ्या.

स्कूबासाठी पोहता यायला लागत नाही, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. दम्याचा, हृदयाचा किंवा कानाचा त्रास असेल तर लपवू नका आणि आधी डॉक्टरांना विचारा. पाणी स्वच्छ दिसतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी गढूळ असेल त्या दिवशी एजंट "थोडं दिसतंय" म्हणाला तर पैसे देऊ नका, दुसऱ्या दिवशी जा. तिसरी रात्र लागते ती यासाठीच. आणखी एक: आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेच्या दिवसांत आसपास खोली मिळणं अवघड. जत्रेची तारीख दरवर्षी वेगळी ठरते, ती बघून घ्या.

पोहणं आणि जेवण

कृष्णेच्या पुरात सूर मारणाऱ्यांना समुद्राची भीती वाटत नाही, आणि दरवर्षी किनाऱ्यावर हाच आत्मविश्वास नडतो. नदीत ओढ एका दिशेची असते. समुद्रात परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते आणि माणसाला आत ओढते. गणपतीपुळ्याचा समुद्र त्यासाठी बदनाम आहे, तिथे घोट्यापर्यंतच पाणी पुरे. तिन्ही ठिकाणी ओहोटी लागलेली असताना पाण्यात उतरू नका. आत ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडा.

जेवणाचं गणित सोपं आहे. शाकाहारी मंडळी असतील तर गणपतीपुळे आणि गुहागर: उकडीचे मोदक, आमटी-भात, सोलकढी. मासे खायचे असतील तर मालवण, त्यात चर्चा नको. सुरमई, बांगडा, तिसऱ्या, मासे न खाणाऱ्यांसाठी कोंबडी-वडे. फक्त १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, आणि मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्सही बंद असतात. त्या काळात मालवणला जाऊन तुम्ही निम्मं मालवण बघता. पावसातच निघायचं असेल तर गुहागर बरं, वाड्या आणि घाट दोन्ही हिरवेगार असतात.

दोन ठिकाणं एकत्र करायचीच असतील

मालवण आणि गुहागर एका फेरीत बसवू नका. गुहागर आणि गणपतीपुळे मात्र छान जमतात, आणि हे बऱ्याच जणांना सुचत नाही. कुंभार्लीने उतरा, गुहागरला एक रात्र काढा. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला या. तिथून फेरीबोट गाडीसकट तुम्हाला खाडीपलीकडे जयगडला सोडते. जयगडचा किल्ला आणि दीपगृह बघून वीसेक किलोमीटरवर गणपतीपुळे. परत येताना आंबा घाट. एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही आणि खाडीचा मोठा वळसाही वाचतो. फेरीच्या वेळा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या, शेवटची फेरी चुकली तर तो वळसा रात्री घालावा लागेल.

सातारा-कराडच्या वाचकांसाठी हिशोब वेगळा आहे. कराडहून गुहागर दीडशे किलोमीटरच्या आत येतं, तेव्हा त्यांनी दोन रात्रींसाठी दुसरीकडे बघूच नये. विटा, तासगावकडच्यांनाही कराडची वाट सोयीची. जतकडून येणाऱ्यांनी मात्र आदल्या रात्री कोल्हापुरात थांबून पहाटे घाट धरावा.