ग्लासगोत गाडी न घेता चौदा महिने: लोकल, सबवे आणि बसचा अनुभव

मी मूळची नाशिकची. कॉलेजला लागले तशी स्कूटी हातात आली आणि तेव्हापासून कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी किल्ली शोधायची, अशी सवय. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिघं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला आलो. कारचा विमा, पार्किंग आणि इथलं लायसन्स यांचा हिशेब मांडला आणि ठरवलं की वर्षभर तरी गाडी घ्यायची नाही. आता चौदा महिने झाले. इथे येऊ घातलेल्या मराठी मंडळींचे मला अधूनमधून मेसेज येतात, "गाडीशिवाय निभतं का?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

निभतं. चांगलं निभतं. पण घर कुठे घेता यावर सगळं अवलंबून आहे. लोक आधी खोल्या, भाडं, शाळा बघतात आणि स्टेशन शेवटी बघतात. मी म्हणेन, या शहरात आधी स्टेशन बघा.

आम्हाला पार्टिकला घर मिळालं, तेव्हा त्या जागेचं महत्त्व कळलं नव्हतं. पार्टिकला रेल्वे स्टेशन, सबवेचं स्टेशन आणि बसचे थांबे एकाच जागी आहेत. लंडन सोडलं तर ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं उपनगरी रेल्वेचं जाळं ग्लासगोचं आहे आणि त्यातल्या दोन मोठ्या लाइन पार्टिकवरून जातात. माझं ऑफिस रदरग्लेनला. पार्टिक, एक्झिबिशन सेंटर, अँडरस्टन, सेंट्रलचा खालचा प्लॅटफॉर्म, आर्गाइल स्ट्रीट, ब्रिजटन, डालमार्नक, रदरग्लेन. वीसेक मिनिटांचा प्रवास, गाडी बदलायची गरज नाही. मधला बराचसा भाग शहराच्या पोटातून, बोगद्यातून जातो. हा मार्ग १९६४ मध्ये बंद केला होता, १९७९ मध्ये पुन्हा सुरू केला. रोज त्यातून जाताना वाटतं, बंद केलेली लाइन पंधरा वर्षांनी परत उघडायची बुद्धी ज्यांना झाली त्यांचे आभारच मानायला हवेत.

नवख्या माणसाची पार्टिकला हमखास होणारी चूक सांगून ठेवते. शहराकडे जाणाऱ्या दोन्ही लाइनच्या गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर येतात. काही सेंट्रल स्टेशनकडे जातात, काही क्वीन स्ट्रीट स्टेशनकडे. पहिल्याच आठवड्यात मी गाडी आली म्हणून चढले आणि "पुढील स्टेशन चेरिंग क्रॉस" ऐकल्यावर कळलं की ही क्वीन स्ट्रीटवरून एअर्ड्रीला जाणारी गाडी. क्वीन स्ट्रीटला उतरून भर पावसात आर्गाइल स्ट्रीटपर्यंत पायपीट केली. गाडीचं शेवटचं स्टेशन वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका. दुसरं म्हणजे दार आपोआप उघडत नाही, बटणाभोवतीचा दिवा लागला की ते दाबायचं. आणि सुटायच्या वेळेच्या थोडं आधीच दारं लागतात, त्यामुळे ८:१२ ची गाडी म्हणजे ८:११ ला आत असायला हवं. धावत येणाऱ्यासाठी कुणी दार धरून ठेवत नाही.

आता रेल्वेच्या भाड्याचं. आम्ही आलो त्याच्या थोडं आधी, सप्टेंबर २०२४ च्या शेवटी, गर्दीच्या वेळेचं जादा भाडं पुन्हा सुरू झालं होतं. त्याआधी वर्षभर ते प्रायोगिक तत्त्वावर रद्द होतं. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा एडिनबराला जावं लागतं. सकाळच्या गाडीनं जाऊन-येऊन ३२ पौंड ६० पेन्स, म्हणजे खिशाला चांगलीच चाट. बॉसला विचारून तो उशिराची गाडी धरायचा आणि रात्री साडेआठला घरी यायचा. १ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटलंडच्या रेल्वेनं हे जादा भाडं कायमचं काढून टाकलं आणि तेच तिकीट १६ पौंड ८० पेन्सवर आलं. आकडा बघून बरं वाटलंच, पण मला जास्त मोल आहे ते नवरा आता मुलीच्या जेवणाच्या वेळेला घरी असतो याचं. एप्रिल २०२२ पासून ही रेल्वे स्कॉटिश सरकारच्या ताब्यात आहे. असा निर्णय खासगी कंपनीच्या हातून झाला असता का, याची मला शंका आहे.

आता सबवे. आपल्याकडे सबवे म्हटलं की स्टेशनखालचा पादचारी भुयारी मार्ग. इथे सबवे म्हणजे जमिनीखालची रेल्वे, आणि ग्लासगोकर तिला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारत नाहीत. १४ डिसेंबर १८९६ ला ती सुरू झाली. लंडन आणि बुडापेस्टनंतर जगातली तिसरी. एकच गोल मार्ग, पंधरा स्टेशनं, पूर्ण फेरी साधारण २४ मिनिटांत. आउटर सर्कल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, इनर उलटं. चुकून उलट्या गाडीत बसलात तरी घाबरायचं कारण नाही, गोल फिरून तिथेच पोचाल. १९३५ पर्यंत या गाड्या दोराने ओढल्या जात. रुळांमधलं अंतर चार फूट, म्हणजे आपल्या मीटर गेजपेक्षा थोडंसंच जास्त. त्यामुळे डबा अगदी बुटका आणि अरुंद. समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे जवळजवळ टेकतात. उंच माणसं दाराशी मान तिरकी करून उभी राहतात. डिसेंबर २०२३ पासून नव्या गाड्या आल्या. त्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून चालत जाता येतं, व्हीलचेअरला जागा आहे. गर्दीच्या वेळी चार मिनिटांना गाडी, म्हणून वेळापत्रक बघायची सवयच सुटली. कार्ड काढून घ्या, कागदी तिकिटापेक्षा स्वस्त पडतं.

रविवारी मात्र सबवे सकाळी दहाला सुरू होते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास संपते. रविवारी कुणाकडे जेवायला जायचं असेल तर येताना बस किंवा लोकल, हे आधीच धरून चाला.

उन्हाळ्यात माझी आई चार महिने राहायला आली आणि तेव्हा मला या शहराची वाहतूक वेगळ्याच नजरेनं दिसली. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती मैलभर चालेल, पण जिना म्हटला की तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. सबवेच्या पंधरा स्टेशनांपैकी बिनपायऱ्यांची दोनच, गोव्हन आणि सेंट इनॉक. पार्टिकला सरकते जिने आहेत, पण आईला सरकत्या जिन्याची भीती. पहिल्या दिवशी ती वर उभी राहून पायरी कधी धरायची याचा अंदाज घेत राहिली. मागे माणसं थांबली. कुणी चकार शब्द काढला नाही, पण ती म्हणाली, "अगं, नको. घरी जाऊ आपण." त्या दिवशी आम्ही घरीच गेलो.

मग मार्ग सापडला. सप्टेंबर २०२४ मध्ये क्लाइड नदीवर पार्टिक आणि गोव्हन जोडणारा पूल सुरू झाला आहे, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. आमच्या घरापासून नदीकाठी रिव्हरसाइड म्युझियमपर्यंत सपाट रस्ता, तिथून पूल ओलांडला की पलीकडे गोव्हन. गोव्हनला लिफ्टनं खाली, सबवेत बसायचं, सेंट इनॉकला लिफ्टनं वर, की आपण शहराच्या मध्यभागी. नकाशावर हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण आईला एकही पायरी चढावी लागली नाही. पुलाच्या मधोमध कठड्याला टेकून ती दर वेळी पाच मिनिटं थांबायची. परतीला आम्ही म्युझियममध्ये डोकवायचो. तिथे जुन्या ट्राम आहेत, जुन्या सबवेचं स्टेशन उभं केलेलं आहे आणि प्रवेश मोफत आहे. ग्लासगोच्या ट्राम १९६२ मध्ये बंद झाल्या. त्या डब्यांची लाकडी बाकं बघून आई म्हणाली, "एवढं चांगलं होतं तर काढलं कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

याच नदीकाठी, एक्झिबिशन सेंटर स्टेशनपासून जवळ, फिनिस्टनची अजस्र क्रेन उभी आहे. १७५ टन उचलायची तिची ताकद. तिचं एक मोठं काम म्हणजे ग्लासगोत बनलेली वाफेची इंजिनं जहाजावर चढवणं. स्प्रिंगबर्नच्या कारखान्यातून इंजिनं रस्त्यानं ओढत नदीपर्यंत आणत. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीनं भारतीय रेल्वेसाठी कितीतरी इंजिनं बनवली. कंपनी १९६२ मध्ये बंद पडली. माझे आजोबा मनमाडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. आईच्या लहानपणी ते तिला इंजिनावरची पितळी पाटी बोटानं दाखवायचे आणि "ग्लासगो" हे नाव वाचायला लावायचे. तिला इंग्रजी अक्षरं शाळेच्या आधी तिथे समजली. क्रेनखाली उभी राहून तिनं पदर डोक्यावर घेतला, कारण पाऊस सुरू झाला होता, आणि बराच वेळ वर बघत राहिली. तो फोटो घरी फ्रेम करून लावला आहे.

बसविषयी मात्र माझं मत तितकं चांगलं नाही. बस स्वच्छ असतात, थांब्यावर खाली झुकतात, उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला "थँक्स" म्हणतो. ही रीत मला इतकी आवडली की मुलगीही आता न चुकता म्हणते. अडचण भरवशाची आहे. जानेवारीतल्या एका संध्याकाळी थांब्यावरच्या पाटीवर आमची बस "२ मिनिटं" दाखवत होती. मग "१", मग "आली", आणि मग ती ओळच पाटीवरून नाहीशी झाली. रस्त्यावर बस आलीच नाही. पुढची पंचवीस मिनिटांनी. अंगाला सुया टोचाव्यात तसा वारा, मुलगी माझ्या कोटात शिरून उभी. कंपनीला लिहिलं, त्यांचं छापील माफीपत्र आलं. असं या चौदा महिन्यांत माझ्यासोबत पाच वेळा झालं. लोकलसाठी मी दहा मिनिटं हाताशी ठेवून निघते, बससाठी अर्धा तास.

यामागचं कारण जुनं आहे. १९८६ मध्ये लंडनबाहेरच्या बससेवा खासगी कंपन्यांना मोकळ्या केल्या. तेव्हापासून कुठल्या मार्गावर किती बस सोडायच्या हे बहुतांशी कंपनी ठरवते. म्हणून रेल्वे सरकारची, सबवे एसपीटी या सार्वजनिक प्राधिकरणाची आणि बस कंपन्यांच्या, असे तीन संसार. तिकिटंही तिघांची वेगळी. झोनकार्ड नावाचा एकत्र पास मिळतो, तो लोकल, सबवे आणि बस तिन्हींवर चालतो, पण तो रोज दोन-तीन साधनं बदलणाऱ्यालाच परवडतो. बसचं नियंत्रण पुन्हा सार्वजनिक हातात आणायच्या दिशेनं एसपीटीनं २०२४ मध्ये पाऊल टाकलं आहे. माझी मनापासून इच्छा आहे की ते तडीस जावं.

बसची एक गोष्ट मात्र डोळे झाकून करा. २२ वर्षांखालच्या मुलांना जानेवारी २०२२ पासून स्कॉटलंडभर बसप्रवास मोफत आहे. त्यासाठी पाच वर्षांपासून पुढे नॅशनल एन्टायटलमेंट कार्ड काढावं लागतं. आल्या आल्या पहिल्या महिन्यातच अर्ज करा. आम्ही आळस केला आणि चार महिने मुलीचे पैसे भरत राहिलो.

हवामानाची तयारी ठेवा. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं तेव्हा रेड वॉर्निंग होती, स्कॉटलंडभर सगळ्या गाड्या बंद ठेवल्या होत्या. तेवढं टोकाचं क्वचितच, पण हिवाळ्यात जोराच्या वाऱ्याचा इशारा आला की आदल्या रात्रीच ऑफिसला कळवून ठेवते. गाडी अर्ध्या तासाहून जास्त लेट झाली तर भाड्याचा काही भाग परत मिळतो. तिकिटाचा फोटो काढून ठेवायची सवय लावा.

विमानतळाला रेल्वे नाही. जोडायची योजना होती, ती २००९ मध्ये रद्द झाली. बॅगा घेऊन येणाऱ्यांनी बसच धरायची. तसंच सेंट्रल आणि क्वीन स्ट्रीट या दोन मोठ्या स्टेशनांना जोडणारी थेट गाडी नाही, मधे दहा मिनिटं चालावं लागतं. सेंट्रलच्या रुळांखालून आर्गाइल स्ट्रीट जातो. त्या पुलाखालच्या जागेला जुने लोक "हायलंडवाल्यांची छत्री" म्हणतात. डोंगराळ भागातून पोटापाण्यासाठी ग्लासगोला आलेली गेलिक बोलणारी माणसं पावसात तिथे एकमेकांना भेटायची. गिरगावच्या खोल्यांत जमणारे कोकणातले चाकरमानी मला तिथे हटकून आठवतात. आम्ही चार मराठी बायका शनिवारी भेटतो तेही तिथेच, कारण सगळ्यांच्या गाड्या तिथे येतात.

सुट्टीच्या दिवशी दोन प्रवास जरूर करा. पार्टिकहून बॅलॉक, थेट लॉक लोमंड सरोवराच्या काठी, पाऊण तासाच्या आसपास. आणि मिलनगावी नावाचं गाव, जिथून १५४ किलोमीटरचा वेस्ट हायलंड वे हा पायी मार्ग सुरू होतो. नाव लिहिलंय तसं वाचू नका, इथे ते "मल्गाय" म्हणतात. मी तिकीट खिडकीवर तीनदा चुकीचं म्हटलं तेव्हा आतल्या बाईंनी कागदावर लिहून दाखवलं.

माझे गुण: लोकलला पाचपैकी साडेचार, सबवेला चार, बसला अडीच.

पुढच्या महिन्यात घराचा करार संपतोय. गेल्या रविवारी आम्ही एक घर बघून आलो. एक खोली जास्त, मागे छोटी बाग, भाडं दीडशे पौंडांनी कमी. मुलगी बागेत पळत सुटली. नवऱ्यानं फोनवर स्टेशनचं अंतर बघितलं, चालत सव्वीस मिनिटं, आणि मधे बसचा एकच मार्ग. आम्ही एकमेकांकडे बघितलं. पार्टिकच्या घरमालकाला काल कळवून टाकलं की करार पुढे चालू ठेवायचा आहे.